जाईचा ताण

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा कुंपणं बुटकी होती आणि कान लांब होते, तेव्हाची ही गोष्ट.

नदीच्या वळणावर एक गाव होतं. त्या गावात येसूकाकू राहायची. लोक तिला हलक्या कानाची म्हणत. ते काही खरं नाही. कान चांगले दणकट होते. फक्त ऐकणं संपायच्या आत तिचे पाय निघायचे. बाकी मनाने म्हणाल तर लोणी. कुणाच्या घरी कढी नासली, तरी हिच्या डोळ्यांत पाणी.

तिच्या शेजारी द्वारकाबाई. दोघींच्या घरांमध्ये काटक्यांचं एक कुंपण, आणि कुंपणापलीकडे द्वारकाबाईची बाग. गावात तशी बाग दुसरी नव्हती. अंगणात हरळीची अशी दाट हिरवळ, की चिमण्यासुद्धा पाय पुसून उतरत असाव्यात. मागे परसात जास्वंद, शेवंती, लिंबू, कढीलिंब, आणि मांडवावर जाईचा जुना वेल. हा वेल द्वारकाबाईचा जीव की प्राण. इतका, की मागल्या वैशाखात मुलाचं लग्न झालं, तेव्हा सुनेचं माहेरचं सगुणा हे नाव बदलून तिने तांदळात नवं नाव लिहायला लावलं: जाई. त्या नावाची साखर येसूकाकूने स्वतः खाल्ली होती. दोनदा.

मुलगा लग्नानंतर राजधानीला चाकरीवर गेला. तो पाडव्याला परतायचा होता. घरात सासू आणि सून, दोघीच.

पौष सरत आला. वसंतपंचमी आठ दिवसांवर आली. थंडी अजून पहाटे गोधडीत पाय ओढायची, पण दुपारचं ऊन बदललं होतं. द्वारकाबाईने कंबर कसली. तिने हरळी बेताची कापून घेतली, वाळका पाला खड्ड्यात लोटला, जास्वंदीच्या माजलेल्या फांद्या छाटल्या, आंब्याच्या बुंध्याला गेरू लावला. आणि त्या दिवशी सकाळी ती कुंपणाजवळ उभी राहून, शेणखताच्या पाट्या घेऊन आलेल्या गवळणीशी बोलत होती.

कुंपणाच्या अलीकडे येसूकाकू शेंगा निवडत होती. म्हणजे हात शेंगा निवडत होते.

"जाईचं म्हणतेस?" द्वारकाबाई म्हणाली. "तिचं पाणी मी तोडलंय. आज पंधरा दिवस झाले, थेंब दिला नाही. अंगावरचं एकूण एक उतरवून घेतलं. उभी आहे नुसती उन्हात, पार काडी झालीय. आणखी आठ दिवस अशीच राहू दे तिला. म्हणजे मग..."

नेमका तेव्हा येसूकाकूला दूध करपल्याचा वास आला.

आता तुम्हीच सांगा, दूध आणि बातमी एकाच वेळी उतू जायला लागली तर बाईने काय करावं? येसूकाकू धावली. दूध अर्धं सांडलं होतं. ती पुन्हा कुंपणाशी आली, तोवर गवळण गेली होती आणि द्वारकाबाई विळ्याला धार लावत होती.

अर्धं दूध, अर्धी बातमी. पण दूध निदान चुलीवर सांडलं; बातमी येसूकाकूच्या पोटात राहिली, आणि पोटात राहून ती फुगायला लागली.

"देवा रे," ती स्वतःशी म्हणाली, "पोरीला पाणी तोडलं! अंगावरचे दागिने काढून घेतले! आणि ही हिरवळ कापतेय!"

पंधरा दिवस पाण्यावाचून माणूस जगत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. पण तिने ते जुळवून घेतलं. पोर चोरून पीत असेल.

दुपारी द्वारकाबाई पडल्यावर तिने कुंपणातल्या फटीतून हाक मारली. "जाई! अगं जाई!"

जाई वाळका पाला गोळा करत होती. चेहरा खरंच उतरलेला होता. ती जवळ आली, तशी येसूकाकूने फटीतून भाकरी, ठेचा आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"घे. आधी पाणी पी."

"काकू, मी आत्ताच जेवलेय."

"असंच सांगायचं, असं शिकवलंय का तिने?"

"नाही हो काकू. खरंच जेवले. वांग्याची भाजी होती."

"वांग्याची!" येसूकाकूने डोळ्यांना पदर लावला. "बाई गं, कल्पनेत सुद्धा वांगीच दिसतात तुला! घे, पी दोन घोट. मी कुणाला सांगायची नाही."

जाईला काही उमजेना. वडीलधाऱ्या माणसाचं मन का मोडा, म्हणून ती दोन घोट प्यायली. येसूकाकूने पाहिलं, आणि तिची खात्रीच पटली.

"सुखी आहेस ना गं इथे?" तिने हळूच विचारलं.

जाई म्हणाली, "आहे की." पण ते म्हणताना तिने मान खाली घातली, आणि हातातल्या काटकीचे उगाच चार तुकडे केले.

येसूकाकूने ते चारही तुकडे मोजले.

कुणाला सांगायची नाही, हा शब्द तिने संध्याकाळपर्यंत पाळला. मग फक्त तेलिणीला सांगितलं, तेही शपथ घालून. तेलिणीने शपथेसकट कासाराला सांगितलं. आणि कासार बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव हिंडणारा माणूस. तो नदी उतरून पलीकडच्या गावी गेला. तिथे जाईचं माहेर.

वसंतपंचमीचा दिवस उजाडला. द्वारकाबाई पहाटेपासून खुशीत होती. इतक्यात वेशीकडून गलका ऐकू आला. पुढे जाईचा बाप भागोजी, मागे अर्धं गाव. भागोजीच्या डोक्यावर पाण्याने भरलेला माठ. नदी उतरून, दोन कोस चालून, माहेरच्या विहिरीचं पाणी घेऊन तो आला होता.

तो फाटक लोटून सरळ अंगणात शिरला.

"व्याही, हिरवळीवर पाय नको!" द्वारकाबाई आतून ओरडली.

"हिरवळ गेली खड्ड्यात!" भागोजी म्हणाला. "विहीणबाई, मला सरळ उत्तर पाहिजे. जाईचं पाणी तुम्ही तोडलंत?"

"तोडलं की."

गावात कुजबुज उठली.

"आणि तोंड वर करून सांगता?"

"त्यात लपवायचं काय? गेली अठ्ठावीस वर्षं तोडतेय."

भागोजी गोंधळला. त्याच्या लेकीचं वय सतरा. पण रागाला हिशेब कुठला? "आणि अंगावरचं उतरवून घेतलंत, ते?"

"माझ्या हातांनी उतरवलं. एक ठेवलं नाही. ठेवलं तर फुलायची कशी ती?"

भागोजीचा आवाज चिरकला. "बस झालं. माझी लेक मला जड नाही. आत्ताच्या आत्ता घेऊन जातो, पुन्हा या उंबऱ्यात पाठवायचा नाही. सगुणे! ए सगुणे, चल, कपडे बांध!"

कुंपणाआड येसूकाकू उभी होती. हे शब्द मात्र तिने पुरते ऐकले. तिला पोरीला पाणी द्यायचं होतं. पोरीचा संसार मोडायचा नव्हता.

परसातून जाई धावत आली. हाताला माती, पदर खोचलेला, डोक्यावर रिकामी पाटी.

"बाबा! तुम्ही कसे आलात?"

"तुला पाणी घेऊन आलोय, बाळ. तेवीस दिवस तुला..."

जाईने बापाकडे पाहिलं, माठाकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. मग तिच्या काय ते ध्यानात आलं, आणि ती जी हसत सुटली ती थांबेचना. तिने बापाचा हात धरून त्याला परसात नेलं. गाव मागोमाग. मांडवापाशी नेऊन तिने बोट दाखवलं.

"ही बघा. ही जाई."

मांडवावर जुना वेल उभा होता. पान नाही, फूल नाही, नुसत्या काड्या. बुंध्याशी माती कोरडी ठाक.

"अहो, हा ताण!" द्वारकाबाईने कपाळावर हात मारला. "वेलीला बहर यायचा, तर आधी पाणी तोडून ताण द्यावा लागतो. पानं उतरवायची, छाटायचं, उन्हात तापू द्यायचं. मग खत घालून एक दिवस पाणी सोडलं, म्हणजे अशी फुलते, अशी फुलते, की पानं दिसायची नाहीत! हेच तर मी गवळणीला सांगत होते. कुणी ऐकलं आणि अर्धंच ऐकलं?"

गाव हसलं. भागोजीही हसला, पण लगेच गर्दीतल्या कासाराकडे वळून म्हणाला, "कासारा, तुला कुणी सांगितलं?" कासाराने तेलिणीकडे पाहिलं. तेलिणीने कुंपणाकडे पाहिलं. कुंपणाने काही येसूकाकूला झाकलं नाही. ते बुटकं होतं.

येसूकाकू फटीतून अंग चोरून परसात आली. कानाची पाळी धरून उभी राहिली.

"दूध करपलं होतं," ती पुटपुटली.

पुन्हा हशा. भागोजीने माठ खाली ठेवला, घाम पुसला. "चला, लेक सुखी आहे म्हणायची. येतो मी." आणि जाता जाता सहज विचारावं तसं त्याने विचारलं, "आहेस ना गं?"

जाईचं हसू कुठल्या कुठे गेलं. "आहे की," ती म्हणाली. मान खाली. हाताशी काटकी नव्हती, म्हणून पदराचं टोक पिरगाळू लागली.

आता बघा. येसूकाकूची एकदा फजिती झाली होती. दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. तिलाही वाटलं, गप्प बसावं. पण काटकीचे ते चार तुकडे तिच्या डोळ्यांपुढून हलेनात.

"द्वारके," ती म्हणाली, "खोटं मीच पसरवलं. तोंड माझंच काळं. पण एक सांगू? पोर आल्यापासून नऊ महिने मी या कुंपणाशी आहे. ही पोर हसताना मी आज पहिल्यांदा पाहिली."

द्वारकाबाई म्हणाली, "म्हणजे? मी तिला जेवायला घालत नाही? लुगडी देत नाही?"

"देता, सासूबाई," जाई हळूच म्हणाली. "सगळं देता. पण हरळीवर चालू नको, शेवंतीला हात लावू नको, वेलीजवळ जाऊ नको, पाला तेवढा गोळा कर. माहेरून मी पदराला बांधून गुलबक्षीचं बी आणलं होतं. तुम्ही म्हणालात, आधी इथलं शीक. ते बी अजून माळ्यावर आहे. सासूबाई, वेलीचा ताण कधी सोडायचा, त्याची तिथी तुम्हाला पाठ आहे. माझी तिथी कोणती?"

द्वारकाबाई वेलीकडे बघत राहिली. मग सुनेकडे. तिच्या लक्षात आलं, आपण वेलीचं नाव सुनेला दिलं, आणि वेलीचा ताणही दिला. सोडायचं मात्र राहून गेलं.

ती घरात गेली. माळ्यावर डबे वाजल्याचा आवाज आला. बाहेर आली, तेव्हा तिच्या हातात कोळिष्टकं लागलेली एक पुरचुंडी होती. तिने ती जाईच्या ओंजळीत सोडली. काळ्या मिऱ्यांसारखं बी, टपोरं.

"जागा तू निवड," ती म्हणाली. "हिरवळीच्या कडेने लाव, नाहीतर मधोमध लाव. मी 'हूं' म्हणायची नाही."

"मधोमध?"

"बरं, शक्यतो कडेने," द्वारकाबाई म्हणाली, आणि सगळ्यात आधी जाईच हसली.

मग द्वारकाबाईने भागोजीचा माठ उचलून सुनेच्या हातात दिला. "आजच सोडायचा होता ताण. अठ्ठावीस वर्षं पहिलं पाणी मी घातलं. यंदा तू घाल. माहेरचं पाणी आहे, गोड लागेल तिला."

जाईने वेलीच्या आळ्यात माठ रिता केला. कोरडी माती पाणी घटाघटा प्यायली.

माघ गेला, फाल्गुन गेला. पाडव्याला मुलगा परतला, तेव्हा त्याला फाटकाशी थांबावं लागलं. घर आपलंच का, याची त्याला खात्री होईना. मांडवावर जाई अशी फुलली होती, की खरंच पानं दिसत नव्हती. हिरवळीच्या कडेने गुलबक्षीची रोपं गुडघ्याला लागली होती. आणि हिरवळीच्या मधोमध बसून सासू-सून एकच गजरा दोन टोकांनी गुंफत होत्या, भांडत, कुणाची गाठ सैल म्हणून.

पहिली ओंजळभर फुलं येसूकाकूकडे गेली. कुंपणात आता फट नाही, चांगलं छोटं फाटक आहे. ते द्वारकाबाईनेच बसवून घेतलं. "ऐकायचं तर आत येऊन पुरतं ऐकत जा," ती म्हणाली. "फक्त आधी दूध उतरवून ये."

गावात अजून कुणी येसूकाकूला चिडवतं, "काय गं, ती जाईची बातमी खोटीच निघाली ना?"

"अर्धी," येसूकाकू म्हणते. "अर्धी खरी होती. कुठली अर्धी, ते मात्र मलाही मागाहून कळलं."

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: बोलणं पुरतं ऐकावं, आणि दिलेला ताण वेळेवर सोडावा.