पाणीपाळीचा मालक

“तुझा प्रोग्राम आजपासून आमचा,” रणधीरराजे म्हणाले. “आमचा म्हणजे फक्त आमचा. जिथे जिथे तो गेलाय तिथून सोमवारच्या आत राजवाड्यावर परत आला पाहिजे. नाही आला, तर तुझा संगणक पाटात जाईल आणि तुझ्या बापाची नोकरी त्याच्यामागे.”

भामा दरबारात उभी होती. तिचा बाप पाटकरी, म्हणजे पाटाचे पाणी शेतोशेत सोडणारा माणूस. पाणी आधी कुणाला, यावरून रोज कुणीतरी त्याच्यावर फावडे उगारी. एकदा तो डोके फोडून घेऊन घरी आला, तेव्हा भामाने पाणीपाळी लावणारा प्रोग्राम लिहिला. लिहिला आणि उघडा ठेवला. कुणीही न्यावा, आत डोकावून बघावा, हवा तसा बदलावा, पुढे कुणालाही द्यावा. बघता बघता तो गावोगावच्या चावड्यांवर चालू लागला आणि फावडी परत मातीत गेली.

या उघडेपणाचे भामाला वेडच होते. बघायला आलेल्या मुलाला तिने एकच प्रश्न विचारला होता, “तुमच्या संगणकात काय चालतं, ते तुम्हाला आत शिरून बघता येतं का?” मुलगा म्हणाला, “बघायचं कशाला?” स्थळ तिथेच मोडले. पोहे मात्र पाहुण्यांनी संपवले.

राजाला हे सगळे खुपले ते शेजारच्या राजामुळे. तो मेजवानीत म्हणाला, “आमचीही पाणीपाळी तुमच्या पाटकऱ्याच्या पोरीच्याच प्रोग्रामवर चालते. फुकट मिळाला.” रणधीरराजांच्या घशात लाडू अडकला. तो उतरेपर्यंत दिवाण बाबाजीपंतांनी हा हुकूम सुचवला होता.

“महाराज,” भामा म्हणाली, “वाटलेला प्रोग्राम परत आणायचा म्हणजे शिंक परत नाकात घालायची.”

“नाक तुझं आहे. तू बघ,” राजा म्हणाला. दरबार हसला.

भामा हसणे संपेपर्यंत थांबली. “मालक तुम्ही, हे पक्कं?”

“पक्कं.”

“आणि मालकाकडे जे जे येतं, ते सगळं तुमचं?”

“सगळं. त्यातलं काही तुझ्याकडे ठेवलंस तर याद राख.”

“मग दवंडी पिटवा. मालक कोण हे एकदा कळलं, की लोक आपल्या पायांनी प्रोग्राम घेऊन येतील.”

घरी आई वाट बघत होती. “फुकट वाटलास, वर शिव्या खाल्ल्यास. आता राजानं नेला.”

“शिव्याही त्यानंच नेल्या,” भामा म्हणाली आणि जेवायला बसली. कितीतरी दिवसांनी तिने गरम भाकरी खाल्ली. एरवी ताटावर बसले, की दारात कुणीतरी उभे. कारण रीतच तशी होती. ज्याचा प्रोग्राम, त्याच्या दारात तक्रार.

दवंडी फिरली. प्रोग्राम राजांचा, दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही, आत डोकावायचे नाही. लोकांनी ऐकले आणि सकाळी राजवाड्यावर रांग लागली.

“महाराज, तुमच्या प्रोग्रामनं माझी पाळी म्हशीच्या धारेच्या वेळेला लावलीय,” रखमाजी गवळी म्हणाला.

“मग?”

“म्हैस पुढं ढकलता येत नाही. पाळी ढकला.”

एक म्हातारी संगणकच डोक्यावर घेऊन आली. पडदा काळा पडला होता. राजाने स्वतः कळा दाबून बघितल्या. शेवटी विचारले, “आजी, घरी वीज आहे का?”

“नाही. तारच तुटलीय. पण प्रोग्राम तुमचा ना?”

तिच्यामागचा म्हणाला, “माझी काही तक्रार नाही. भामाकडे हे काम एव्हाना झालं असतं, तेवढं सांगायला आलो.”

राजा आंघोळीला गेला, तर भिंतीपलीकडून हाका. जेवायला बसला, तर पंगतीत दोघे प्रोग्राम घेऊन बसलेले. वैतागून त्याने बाबाजीपंतांना प्रोग्राम नीट करायला बसवले. पंतांनी आत एकच आकडा बदलला आणि वरच्या पाटाचे सगळे पाणी हत्तीखान्यात आले. हत्ती खूश झाले. बाकी कुणी नाही.

सोमवारी राजाने भामाला बोलावले. त्याची पगडी वाकडी होती, डोळे लाल.

“प्रोग्राम परत आले ना, महाराज?”

“आले. माणसांसकट आले.”

“मग माझं काम झालं. बाबांची नोकरी वाचली.” ती मुजरा करून वळली.

“थांब. ही सगळी माणसं तुझ्याकडे यायची?”

“रोज.”

“मग तुला वेड कसं लागलं नाही?”

“मी त्यांना सांगायची, प्रोग्राम उघडा आहे. जे खुपतं ते तूच काढ, आणि मलाही आणून दे. निम्मे तिथूनच घरी जायचे. उरलेले खरंच नीट करून आणायचे.”

राजाचा चेहरा उजळला. “एवढंच? मग उद्यापासून आम्हीही तेच सांगू.”

“तुम्हाला नाही सांगता येणार, महाराज,” भामा म्हणाली. “तुमचा प्रोग्राम फक्त तुमचा आहे.”

राजाने आधी दिवाणांकडे बघितले, मग बाहेरच्या रांगेकडे. आणि एकदम असा हसला, की वाकडी पगडी खाली पडली.

“दवंडी मागे घ्या!” तो म्हणाला. “प्रोग्राम होता तसा उघडा. पोरी, काय हवं ते माग.”

“राजवाड्याची वीज कधी जात नाही. तीच तार आमच्या घरापर्यंत ओढून द्या.”

“दिली. आणखी?”

“आणखी बाबाजीपंतांना वर्षभर माझ्याकडे पाठवा. तक्रारी ऐकायला माझ्याकडे माणूस नाही.”

राजाने तार दिली आणि दिवाणही दिले.