आवडाईची खारट पेज

फार वर्षांपूर्वी, करंजघोळच्या विहिरीचा कठडा अजून नवा होता तेव्हा, गावात आवडाई नावाची म्हातारी होती. आयाबाया भाताच्या लावणीला गेल्या की वाडीतली सगळी चिल्लीपिल्ली तिच्या अंगणात. पण सांभाळायची रीत मोठी उफराटी. पोर कामाला लागलं की ही दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी. पोर पाणी सांडो, भोकाड पसरो, हात काही पुढे यायचे नाहीत. असं म्हणतात, तिच्या अंगणात जेवढी मडकी फुटली तेवढी कुंभाराने घडवलीसुद्धा नसतील.

सगुणेची तानी सहा वर्षांची. एकदा सगळी सकाळ ती पोहऱ्याला दोर बांधत बसली. गाठ सुटायची, पोहरा आपटायचा, तानी रडायची. सगुणा भडकलीच.

"आवडाई, एक गाठ मारून देताना तुमचे हात झिजत्यात व्हय?"

"माझ्या हातांना गाठ येती, सगुणे. तिच्या हातांना यायची हाय."

पुढच्या चैत्रात गावावर तापाची साथ आली. पोरांना ती शिवली नाही, पण तीन दिवसांत एकही मोठं माणूस उठून उभं राहीना. घराघरातलं पाणी संपलं. सगुणेची जीभ टाळ्याला चिकटली. तेव्हा तानीने पोहरा उचलला आणि तिच्यामागे गावची सतरा पोरं निघाली.

विहिरीशी आवडाई तेवढी कशीबशी सरपटत आली होती. तापाने फणफणलेली, कठड्याला टेकलेली. हात पुढे यायला बघत होते, तिने ते पाठीमागे आवळून धरले.

"आवडाई, गाठ सुटली तर?"

"तर परत मार."

गाठ टिकली, पण दोर पुरेना. असं म्हणतात, त्या दिवशी पाणीच वर चढून पोहऱ्यापाशी आलं. मी म्हणते, पाण्यालाही लाज वाटली असेल.

पोरांनी चूल पेटवली, पेज रांधली. मीठ राहिलं असं प्रत्येकाला वाटलं, म्हणून अठरा चिमटी पडल्या. ती पेज त्यांनी घरोघरी पाजली. सगुणेने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि दुसरा मागितला. पाचव्या दिवशी गाव उठून बसलं.

आवडाई मात्र विहिरीपाशी बसल्या जागी गेली होती. हात पाठीमागे, बोटांत बोटं अडकवलेली. गड्यांनी ओढले, सुटेनात. मग तानी तिच्या कानाशी वाकली.

"आवडाई, समद्यांना पाजली. आमचं आमी केलं."

असं म्हणतात, त्याबरोबर हात आपोआप सुटले. सगुणा तेव्हा ढसाढसा रडली.

आजही चैत्रात एक दिवस करंजघोळातली मोठी माणसं चुलीला हात लावत नाहीत. पोरं पाणी शेंदतात, पेज रांधतात, प्रत्येक पोर आपली चिमूट टाकतं आणि आईबाप हात पाठीमागे धरून उभे राहतात. ज्याचा हात पुढे आला, त्याला त्या दिवशी पेज नाही.

नवी सून पहिल्या वर्षी हटकून कुजबुजते, "मीठ लई झालंय."

"झालंय," सासू म्हणते, "पी. आणि आणखी माग."