छातीच्या उंचीवर

हत्यारांना वाचा होती त्या काळी, सागाच्या रानात मोठी झालेली एक मोजपट्टी कोरड्या डोंगरावरचं लाकूड मोजायला आली. माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर खोडाला वेढा घालायचा, हा तिचा नियम. वेढा हातभर भरला तर झाड, नाहीतर झुडूप. आणि झुडपं कुऱ्हाडीला.

म्हातारा धावडा गुडघ्याएवढ्या उंचीवरच सात फांद्यांनी फुटला होता. पट्टीने एकेक फांदी मोजली. एकही हातभर भरेना.

"झुडूप!" ती म्हणाली.

"पट्टीबाई, जरा वाका. बुडाशी मोजा," धावडा म्हणाला. "इथे दर उन्हाळ्यात वणवा येतो. शेंडा जळला की आम्ही बुडातून फुटतो. आमचा सगळा जीव खाली आहे."

पट्टीला क्षणभर वाकून बघावंसं वाटलं. पण सागाच्या रानात तिला कधी वाकावं लागलं नव्हतं.

"नियम छातीचा आहे, आजोबा."

कुऱ्हाड दोन दिवस राबली. तिसऱ्या दिवशी, धार पार बोथटल्यावर, तिने पट्टीला हाक मारली, "ये गं शहाणे, आता तुझं झुडूप मोज!"

पट्टी वाकली. उरलेल्या बुंध्याला तिने वेढा घातला. तिची सगळी लांबी संपली, तरी टोकाला टोक भिडलं नाही.