समुद्रगाईंचा कोंडवाडा

ऐका मंडळी. लहानांनी मांडी घालून ऐका, आणि थोरांनी निदान मध्ये बोलू नका. फार फार वर्षांपूर्वी एका उथळ खाडीच्या काठी कोळ्यांचे एक गाव होते. खाडीच्या तळाशी गवत होते. शेवाळ नव्हे, खरेखुरे गवत, मुळांचे आणि पात्यांचे. त्यात माशांची पिल्ले लपत, कोळंबी वाढे, आणि त्याच्यावर गावाच्या चुली पेटत.

गावाचा तांडेल, म्हणजे सगळ्या होड्यांचा म्होरक्या, माणूस भला होता, पण त्याच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. तो लहान असताना त्याचा जुना किनारा ओस पडला होता. मासळी संपली आणि भांडी, जाळी, म्हातारी माणसे होडीत घालून सगळे या खाडीला आले. ते त्याने डोळ्यांनी पाहिले होते. पुन्हा तशी पाळी येईल ही धास्ती त्याला बसू देत नसे. हातातला घास टाकून तो खाडीकडे बघून यायचा.

एके दिवशी ओहोटीच्या निवळ पाण्यात त्याला गवतात लांबच लांब पट्टे दिसले. कुणीतरी मुळासकट ओरबाडून नेल्यासारखे. पुढे पाहतो तर समुद्रगाई! भल्याथोरल्या, करड्या, जाड ओठांच्या, निवांत चरत चाललेल्या.

तांडेल धावत घरी आला. "आपल्या मासळीचं घर खातायत त्या!"

"अहो, आपण आलो तेव्हा पण होत्याच की," बायको म्हणाली. "तेव्हा काय मासळी नव्हती?"

"तेव्हा थोड्या होत्या."

"तुम्ही मोजल्या होत्या?"

"मोजायला कशाला पायजे? पट्टे दिसत नाय का तुला?"

गावात एक रीत होती. दुसऱ्याच्या शेतात शिरलेले जनावर कोंडवाड्यात घालायचे आणि मालकाने दंड भरला की सोडायचे. तांडेलाने तीच रीत पाण्यात नेली. खाडीच्या एका कोपऱ्यात खुंट ठोकले, जाड दोराची जाळी बांधली, आणि होड्यांवर थाळ्या बडवत समुद्रगाईंना आत कोंडले. समुद्राच्या गुरांचा दंड भरायला मालक येणार कुठून, हे कुणी विचारले नाही. खरे सांगायचे तर त्या गर्दीत मीही विचारले नसते.

पट्टे भरून आले. गवत दाट झाले, उंच झाले. लोक तांडेलाला डोक्यावर घेऊन नाचले. तो मात्र तरीही घास टाकून बघायला जायचा.

मग त्या उंच गवताची पाती जुनी झाली. त्यांच्यावर चिकट थर चढला. गाळ अडकू लागला, बुडखे कुजले, आणि वाऱ्याबरोबर गावात घाण वास येऊ लागला. पिल्ले तिथून पळाली. जाळी रिकामी वर येऊ लागली.

तांडेलाच्या धाकट्या भावाने आपली चूल होडीत ठेवली.

"दादा, मी निघतो."

"अरे, गवत बघ तरी किती वाढलंय!"

"गवत वाढलंय, पण त्यात मासा हाय कुठं? पोरांना काय गवत घालू?"

भावाची होडी गेली. तिच्यामागून आणखी होड्या गेल्या. तांडेल रागारागाने कोंडवाड्यापाशी आला. आत पाहिले आणि तो जागच्या जागी थबकला. तिथे गवताचे एक पातेही उरले नव्हते. नुसती वाळू, आणि बरगड्या दिसणाऱ्या गाई.

एका म्हाताऱ्या गाईने पाण्याबाहेर तोंड काढले. "तांडेला, आता तरी बरं वाटतंय का?"

"तुम्हीच खाल्लंत सगळं!" तो ओरडला.

"इथलं खाल्लं. परत फुटलं, परत खाल्लं. पोट कुणाला चुकलंय? मोकळ्या होतो तेव्हा चार घास घ्यायचो नि पुढं जायचो. मागं जुनं निघून कोवळं यायचं. पोटातून बी जायचं, ते दुसरीकडं रुजायचं. तू आत कोंडलंस म्हणून इथलं मुळापासून गेलं. बाहेर खाणारं कुणी नाय म्हणून तिथलं कुजलं."

तांडेलाला रडू कोसळले. भाऊ गेला होता, आणि त्याला घालवणारा हात आपलाच होता. त्याने तशाच ओल्या डोळ्यांनी एकेक खुंट उपटला. गाई त्याच्या शेजारून निघून गेल्या. एकीनेही मागे वळून पाहिले नाही.

कित्येक पावसाळे गेले. कुजलेले गवत लाटांनी वाहून नेले, विरळ नवे फुटले. एका सकाळी त्यात ताजे पट्टे दिसले. तांडेलाचे हात शिवशिवले. जुनी धास्ती उसळून वर आली आणि त्याने वल्हे उचललेसुद्धा. मग ते हळूच खाली ठेवले आणि तो काठावर बसून राहिला, हात मांडीखाली दाबून.

पुढे मासळी परतली. गेलेली घरे काही परतली नाहीत. भावाच्या अंगणात आता खेकडे बिळे करतात.

तात्पर्य: राखण करायला बसणाऱ्याने खाणारा कोण आणि नासणारा कोण, हे आधी ओळखावे.