तीनशे तासांचं मत

‘नक्षत्रपार’ या गाजलेल्या विज्ञानमालिकेवर पुण्यातल्या एका कंपनीने युद्धनीतीचा व्हिडिओ गेम काढला, पण खेळाडूंनी त्याच्यावर टीकाच केली. चिडलेल्या संचालक राजाध्यक्षांनी खेळाडूंची सभा बोलावली आणि सांगलीच्या शिक्षिका चित्रलेखा सबनीस यांना सगळ्यांदेखत उभं केलं.

“बाई, गेममध्ये मालिकेचा जीवच उतरला नाही, असं तुम्ही लिहिलंय. पण आमच्या नोंदीप्रमाणे तुम्ही तो तीनशे तास खेळलात! इतका वाईट गेम कुणी इतका वेळ खेळतं का?”

सभागृहात हशा पिकला.

बाई शांतपणे म्हणाल्या, “साहेब, आजारी माणसाच्या उशाशी आपण दिवसच्या दिवस बसतो, ते आजार आवडतो म्हणून नव्हे. माणूस बरा होईल या आशेने बसतो.”

राजाध्यक्षांचा आवाज उतरला. “मग हे आधी का नाही कळवलंत?”

“पहिल्याच महिन्यात सविस्तर पत्र पाठवलं होतं.”

राजाध्यक्षांनी ते पत्र शोधून वाचलं, दुरुस्त्याही करून घेतल्या. पण तोवर खेळाडू पांगले होते. वर्षभरात गेम बंद करावा लागला. शेवटच्या दिवशी जे मोजके लोक खेळायला आले, त्यांत बाई होत्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो गेम खेळणारे राजाध्यक्षही होते.