बिनखाचेचं मशीन

एका तालुक्याच्या गावात हणमंत नावाचा भोळा जावई होता. भोळा म्हणजे किती? सासूबाई म्हणाल्या, "आपलंच घर समजा." याने दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली.

सासरे मुरलीमामा यांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. बाजाराच्या दिवशी लोक जुन्या गेमची सीडी आणायचे आणि थोडे पैसे भरून दुसरी न्यायचे. या अदलाबदलीवरच दुकान चालायचं. मामांना मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं होतं. ते म्हणाले, "जावईबापू, पंधरा दिवस दुकान सांभाळा. सांभाळलंत तर तुमच्या नावावर करतो."

हणमंत हरखला. त्याची बायको शालन मात्र घाबरली. नवऱ्याला ती ओळखून होती.

दुसऱ्याच दिवशी गेमच्या कंपनीचे घोरपडेसाहेब गेम खेळायचं नवं मशीन घेऊन आले. त्याला सीडी घालायची खाचच नव्हती.

"साहेब, सीडी घालायची कुठं?"

"घालायचीच नाही! गेम इंटरनेटवरून घ्यायचा. खाच काढली की मशीन स्वस्तात बनतं. शिवाय गिऱ्हाइकाला गेम कुणाला देता येत नाही, विकता येत नाही. जो तो आमच्याकडूनच घेतो. खाच बंद, धंदा चालू!"

"कळलं," हणमंत म्हणाला.

त्याने रंगाऱ्याकडून लांबी आणली आणि दुकानातल्या सगळ्या जुन्या मशीनच्या खाचा लिंपून टाकल्या. दुरुस्तीला आलेल्यासुद्धा. बाजाराच्या दिवशी गिऱ्हाइकं बोंबलत आली.

शालन म्हणाली, "अहो, आधी विचारायचं, घरी सीडी आहेत का? असल्या तर त्यांना खाच लागणारच ना?"

"कळलं."

मग नाडकर्णी मास्तर बिनखाचेचं मशीन घ्यायला आले.

"मास्तर, घरी सीडी आहेत का?"

"आहेत की. चाळीसेक असतील."

हणमंताने लोखंड कापायची करवत घेतली आणि नव्याकोऱ्या मशीनला झकास खाच पाडून दिली. सीडी आत सुरेख गेली. अजून आतच आहे.

घोरपडेसाहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, मशीनला हात लावायचा नाही! पैसे घ्यायचे आणि सांगायचं, घरी जा, डाउनलोड होईल."

"कळलं."

पुढचं गिऱ्हाईक होतं गंगूमावशी. तिला नातीसाठी मशीन हवं होतं. हणमंताने पैसे घेतले आणि तिला रिकाम्या हाती धाडलं. "घरी जा मावशी, डाउनलोड होईल." मावशी दोन दिवस वायफायच्या डब्याखाली परात धरून बसली. तिसऱ्या दिवशी तीच परात घेऊन दुकानात आली.

टेंगूळ चोळत बसलेल्या हणमंताला साहेबांनी पुन्हा समजावलं. "मशीन हातात द्यायचं हो! गेम द्यायचा नाही. गेमची नुसती परवानगी द्यायची. पैसे गिऱ्हाईक मोजतं, गेम आमचाच राहतो. आमची मर्जी फिरली की परवानगी बंद."

"आणि गिऱ्हाईक गप्प बसतं?"

"खूश असतं! मालकी म्हणजे सांभाळायची कटकट. शहाणा माणूस हल्ली परवानगीच घेतो."

शहाणं कसं व्हायचं, हे हणमंताला आजवर कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. त्याला गहिवरून आलं.

पंधराव्या दिवशी मामा आले. डोळ्यांवर काळा चष्मा होता, त्यामुळे कोपऱ्यातला लिंपलेल्या मशीनचा ढिगारा त्यांना दिसला नाही. शालनने मनातल्या मनात देवाला नारळ कबूल केला.

"जावईबापू, दुकान उभं आहे, एवढं मला पुरे," मामा म्हणाले. "वकिलाकडून कागद करून आणलाय. सही करा, दुकान तुमचं."

शालनने नवऱ्याच्या हातात पेन कोंबलं. "करा हो लवकर!"

हणमंताने पेन खाली ठेवलं. कागद उचलला आणि त्याचे चार तुकडे केले.

"मामा, मी काय खुळा आहे होय? मालकी नको. नुसती परवानगी द्या. मर्जी फिरली की काढून घ्या."

मामांनी जावयाची पाठ थोपटली. असा निर्लोभी जावई उभ्या तालुक्यात नव्हता. "दिली परवानगी!" ते म्हणाले. डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदाच आपलं दुकान लख्ख पाहिलं.

परवानगी जेमतेम पाऊण मिनिट टिकली.