सगुणाच्या नावाची अंघोळ

एकदा एक नदीकाठचे गाव साथीच्या तडाख्यात सापडले. साथ कुठून आली ते कुणाला कळले नाही, आणि कळून उपयोगही नव्हता. आधी बाजार बंद झाला, मग देऊळ, आणि मग शाळा. बाजार लोकांनी लवकरच उघडला, कारण पोटाला दम निघत नाही. देऊळही मागच्या दाराने हळूच उघडले. शाळेचे कुलूप मात्र जागच्या जागी राहिले. गावाचे मुलांवर प्रेम नव्हते असे मुळीच नाही. पण मुलांच्या वतीने ओरडायला कुणी रिकामे नव्हते, एवढे खरे.

त्या शाळेत एक तरुण शिक्षक होता. ज्या वृद्ध गुरूंपाशी तो लहानाचा मोठा झाला, त्यांनीच दृष्टी अधू झाल्यावर शाळा त्याच्या हाती सोपवली होती. गाव वृद्धांना थोरले गुरुजी म्हणे आणि या शिष्याला धाकटे गुरुजी. शाळेला कुलूप लावले ते शिष्यानेच, आणि किल्ली तो कमरेला बांधून वागवत असे. साथीच्या पहिल्याच झपाट्यात त्याची बायको गेली होती. तिच्या तिरडीला चौथा खांदेकरी मिळाला नव्हता. तिघांनीच ती कशीबशी नदीवर नेली. ज्याने हे भोगले आहे, त्याला कुलपाचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही.

विणकराची सगुणा तेवढी अधूनमधून त्याच्या कुंपणाशी येऊन उभी राहायची. बारा-तेरा वर्षांची पोर, पाटी छातीशी धरलेली.

"गुरुजी, शाळा कधी?"

"बघू. लांब उभी राहा."

ती मागे सरे आणि लांबूनच पाटी उंच धरून दाखवी. तेवढ्या अंतरावरून शिष्याला अक्षरे दिसत नसत. तो 'छान आहे' म्हणे आणि दार लावून घेई. पुढे पुढे ती यायची थांबली, तेव्हा त्याला वाईट वाटायच्या ऐवजी हायसे वाटले. भीतीने गांजलेला माणूस असाच वागतो, त्याला फार दोष देण्यात अर्थ नाही.

पुढे साथीचा जोर थोडा ओसरला आणि शाळा उघडावी की नाही यावर सभा बोलावण्यात आली. सभा गावाबाहेरच्या मोकळ्या खळ्यावर भरली. तोंडाला उपरणी आणि पदर बांधून माणसे एकमेकांपासून इतकी दूर बसली होती, की साधे बोलणेही ओरडून करावे लागे. आणि एकदा आवाज चढला, की माणूस पटलेली गोष्टसुद्धा भांडल्यासारखी बोलतो. असे वाद आपणही ऐकले आहेत, तेव्हा सगळे काही सांगत बसत नाही.

सर्वांत तावातावाने बोलला तो गावचा मोठा व्यापारी.

"अहो, लेकरांच्या जिवापुढे दुसरं काय आहे? दोन अक्षरं उशिरा आली म्हणून आजवर कुणी मेलं आहे का? जीव राहिला तर पुढे जन्मभर शिकतील!"

त्याच्या स्वतःच्या मुलांना शिकवण्यासाठी शहरातून आणलेला शास्त्री त्याच्या माडीवर राहत होता. ही गोष्ट त्याने सांगितली नाही आणि कुणी विचारलीही नाही.

एक शेतकरी तिरसटपणे उठला. "पोरं दिवसभर एकाच विहिरीत उड्या मारतात, एकाच झाडाच्या चिंचा खातात. तिथं साथ फिरकत नाही, आणि शाळेत बसली की येते होय? साथीला लिहिता-वाचता येतं का?"

लोक हसले. पुष्कळ दिवसांनी त्या गावात कुणी हसले असेल.

मग आवडाआजी उठली, आणि हसणे आपोआप थांबले. तिचा मुलगा आणि सून दोघांनाही साथीने नेले होते. घरात ती आणि तिचा लहानगा नातू, इतकेच उरले होते.

"तुमचं सगळ्यांचं बरोबर असेल बाबांनो," ती म्हणाली. "पण माझा नातू शाळेतून येईल तो माझ्याच कुशीत झोपेल. त्याला दुसरी कूस नाही. त्याने काही आणलं तर त्याचं काही होणार नाही, लहान आहे तो. मी जाईन. मग त्याच्याकडे कोण बघणार, ते आधी ठरवा आणि मग उघडा तुमची शाळा."

शेवटी सगळ्यांच्या नजरा शिष्याकडे वळल्या. व्यापारी म्हणाला, "किल्ली धाकट्या गुरुजींपाशी आहे. ते म्हणतील तसं करू." गर्दीला निर्णय जड झाला की ती एक माणूस शोधते, तसेच हे झाले.

शिष्य उठला. काय बोलायचे ते त्याने घरूनच ठरवून आणले होते: सध्या कुलूप राहू द्यावे, साथ पुरती गेली की पाहू. बोलायला त्याने तोंडावरचे उपरणे बाजूला केले, आणि तेवढ्यात नदीच्या वाटेने थोरले गुरुजी येताना दिसले.

ते आपादमस्तक भिजलेले होते. धोतर पायांना चिकटले होते, अंगातल्या बंडीतून पाणी निथळत होते. ऊन लख्ख पडले होते, त्यामुळे पावसाने भिजले म्हणावे अशी सोय नव्हती.

आपल्याकडे जिवाभावाच्या माणसाच्या मृत्यूची वार्ता आली, की माणूस अंगावरच्या कपड्यांनिशी अंघोळ करतो. त्या गावात त्या वर्षी अशी ओली माणसे इतकी दिसली होती, की कुणाला काही विचारावे लागत नसे. सभा झटकन मागे सरली. लोकांनी गुरुजींना वाट करून दिली, ती आदराने की भीतीने, हे सांगता येणार नाही.

"गुरुजी, कोण गेलं?" शिष्याने विचारले.

"सगुणा," थोरले गुरुजी म्हणाले. "आपल्या शाळेतली."

एक बाई मोठ्याने रडू लागली. व्यापाऱ्याने लगेच हात वर केला. "ऐकलंत? आता तरी ऐकलंत? मुलांना काही होत नाही म्हणत होतात ना? पोर गेली! आता शाळेचं नाव काढू नका कुणी!" आणि तो तिरसट शेतकरीसुद्धा मान खाली घालून बसला. सभा तिथेच संपली असती. काही जण उठून धोतर झटकूही लागले होते.

"बसा," थोरले गुरुजी म्हणाले. "तिला ताप आला नव्हता. आज सकाळी शेजारच्या गावी तिचं लग्न लागलं. मी तिच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, आणि मांडवातून थेट नदीवर गेलो."

क्षणभर कुणाला काही उमगले नाही. मग जो गलका झाला तो विचारू नका. मंगलकार्यावरून उठून मृताची अंघोळ! ती पोर अजून हळदीच्या अंगाची आणि हे तिच्या नावाने बुडी मारून आले! "अभद्र," कुणी तरी म्हणाले. व्यापारी शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "म्हाताऱ्याचं वय झालं आता."

शिष्यालाही धक्का बसला होता. गुरूंना असे वागताना त्याने आजवर पाहिले नव्हते. "गुरुजी," तो म्हणाला, "ती जिवंत आहे. मग ही अंघोळ कशासाठी?"

थोरले गुरुजी खळ्याच्या मधोमध उभे राहिले. पाणी त्यांच्या पायाशी मातीत जिरत होते.

"तिचा नवरा तिच्या बापापेक्षा मोठा आहे," ते म्हणाले. "त्याची पहिली बायको साथीत गेली, मागे मुलं आहेत, आणि ती सांभाळायला त्याला कुणी तरी हवं होतं. मी सगुणाच्या बापाला विचारलं, का रे बाबा, एवढी काय घाई? तो म्हणाला, 'शाळा चालू होती तोवर मागणी आली की पोर शिकते आहे असं सांगता येत होतं. लोक माघारी जात होते. शाळेला कुलूप लागलं, आता काय सांगू?' तापाने माणूस गेलं की घरातून तिरडी निघते. गाव बघतं, रडतं, अंघोळ करतं. कुलपाने माणूस गेलं की वाजंत्री निघते, आणि गाव जेवून येतं. म्हणून तुम्हाला वाटतं, की कुलपाने कुणी मरत नाही."

शिष्याच्या डोळ्यांसमोर लांबून उंच धरलेली एक पाटी आली. तिच्यावर काय लिहिलेले असायचे ते त्याला आता कधीच कळणार नव्हते, आणि ही गोष्ट त्याला फार लागली.

"म्हणजे उघडाच म्हणता तुम्ही," आवडाआजी म्हणाली.

"नाही, आवडाबाई. तुमचंही खरं आहे. शाळा उघडली तर कुणाच्या तरी घरातून तिरडी निघेल, कदाचित तुमच्याच. बंद ठेवली तर सगुणाच्या पाठची मंजुळाही जाईल. वराकडच्यांनी आज मांडवातच सगुणाच्या धाकट्या दिरासाठी तिच्याकडे बोट दाखवलं. दोन्ही बाजूंना माणसंच आहेत. माझं म्हणणं इतकंच, की जे ठरवाल त्यात जे जातील त्यांची अंघोळ टाळू नका. कोरड्या अंगाने बसलं की कोणताही निर्णय सोपा वाटतो."

एवढे बोलून ते खाली बसले. त्यांना थंडी वाजत होती, पण उपरणे द्यायला जवळ जाण्याचे धैर्य कुणाला झाले नाही. शिष्य गेला. स्वतःचे उपरणे त्याने त्यांच्या खांद्यावर टाकले आणि तिथेच उभा राहून कमरेची किल्ली सोडली.

"शाळा उघडतो," तो म्हणाला. "वर्गात नाही, बाहेर चिंचेखाली. निम्मी मुलं आज आली तर निम्मी उद्या. ज्या घरात ताप, त्या घरचं मूल घरी. आणि आजी, तुमच्या नातवाला मी अंगणात उभा राहून शिकवीन. त्याला पाठवू नका."

आवडाआजीने मान हलवली.

"नको," ती म्हणाली. "आईबाप गेल्यापासून तो बोलत नाही. माझ्यासारख्या म्हातारीशी काय बोलणार? बाकीच्या पोरांत बसला तर बोलेल. पाठवते मी त्याला. पण ऐकून ठेवा सगळे. उद्या मी गेले तर 'म्हातारीचं वय झालं होतं' म्हणून मोकळे होऊ नका. माझं नाव घ्या."

शाळा चिंचेखाली भरू लागली. पहिल्याच दिवशी शिष्य मंजुळाच्या घरी गेला आणि तिचा हात धरून तिला घेऊन आला. तिच्या बापाने दारात उभे राहून दोघांना जाताना पाहिले. वराकडचे पुढे विचारायला आले तेव्हा तो म्हणाला, पोर शिकते आहे. ते माघारी गेले. आवडाआजीचा नातू आधी नुसताच बसून राहायचा. मग एके दिवशी त्याने शेजारच्या मुलाला पेन्सिल मागितली, आणि पुढे तर त्याला गप्प करावे लागू लागले.

साथ पुन्हा गावात शिरली, ती कुणाबरोबर आली हे आजही कुणी सांगू शकणार नाही. बाजारातून आली असेल, देवळातून, व्यापाऱ्याच्या माडीवरून, किंवा चिंचेखालून. आवडाआजीला ताप भरला. मुलांनी आपापली जागा धरायच्या वेळी, एका सकाळी, ती गेल्याची बातमी आली.

निरोप घेऊन आलेला माणूस म्हणाला, "वाईट झालं. पण वय झालं होतं म्हातारीचं." पाठोपाठ व्यापाऱ्याचा माणूस आला. "शेठजींनी विचारलं आहे, आता तरी कुलूप लावणार का?"

शिष्याला खरोखर कुलूप लावावेसे वाटले. आपल्या बायकोची तिघांनी नेलेली तिरडी त्याला आठवली, आणि आपणच ही दुसरी तिरडी उचलून दिली असे त्याच्या मनाने घेतले. तो धावत थोरल्या गुरुजींकडे गेला. ते आवडाआजीच्या घरात होते. कोपऱ्यात बसलेल्या तिच्या नातवाला त्यांनी मांडीवर घेतले होते, त्यांच्या वयाच्या माणसाने त्या घरात पाऊल टाकू नये असे सगळे ओरडत असताना.

"गुरुजी, काय करू? लावू का कुलूप?"

"ते नंतर ठरव," थोरले गुरुजी म्हणाले. "आधी अंघोळ कर. हा पोर आता माझ्याकडे राहील."

शिष्य नदीवर गेला आणि अंगरख्यासकट पाण्यात उतरला. पाणी थंडगार होते. बायको गेली तेव्हा अंघोळ करताना तो सगळा वेळ स्वतःच्या दुःखाकडे पाहत होता. या वेळी मात्र त्याने आवडाआजीचे नाव मोठ्याने घेतले. मग जरा थांबून त्याने सगुणाचेही नाव घेतले, आणि पुन्हा एकदा बुडी मारली. तिची अंघोळ त्याच्याकडे राहिली होती.

तो परतला तेव्हा मुले चिंचेखाली अजून तशीच बसली होती. घरी जा असे कुणी सांगितले नव्हते, म्हणून ती गेली नव्हती. निथळणाऱ्या गुरुजींना पाहून ती आक्रसली.

"गुरुजी, कोण गेलं?" मंजुळाने विचारले.

"आवडाआजी. शाळा उघडली म्हणून गेली असेल. नसेलही. पण उघडली मी."

खोडाला टेकवलेल्या फळ्यावर त्याने ओल्या हाताने दोन नावे लिहिली. वर आवडा आणि खाली सगुणा. मुलांना ती गिरवायला सांगितली. त्या दिवशी दुसरा धडा झाला नाही. मंजुळाने पाटीवर आजीचे नाव काढले, बहिणीचे काढले, आणि शाळा सुटल्यावर पाटी न पुसता घरी नेली.